विषाणू न घातलेला फ्लास्क

१० जानेवारी, नवीन जालना

पाचवीत असताना रजनी आणि मी शाळा सुटली की स्टेशनच्या रस्त्यावर बर्फाचा गोळा घ्यायचो. दोघींत एकच. एकदा ती चोखायची, एकदा मी. रंग उडून बर्फ पांढरा पडला की गोळेवाल्या चाचांपुढे पुन्हा काडी धरायची. ते म्हणायचे, "बेटा, ये तीसरी बार है," आणि वरून सरबत ओतायचे. जांभळ्या जिभा घेऊन आम्ही आपापल्या घरी जायचो.

शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टाला हे कळलं तेव्हा तिनं दोघींच्या हातांवर पट्टी मारली. एकमेकींचं तोंडातलं खाल्लं की जंतू होतात. रजनीच्या आईला, केशरबाईंना, कळलं तेव्हा त्यांनी रजनीला भर दुपारी डोक्यावरून अंघोळ घातली. उष्टं झालं, आणि तेही आमच्या वस्तीतल्या मुलीचं. हरकत दोघींची एकच. एकीला जंतूंची भीती होती, एकीला माझी.

केशरबाईंकडे माझ्यासाठी वेगळा कप होता. चिनीमातीचा, निळ्या फुलांचा, कान तुटलेला. खिडकीत पालथा असायचा. रजनी त्यातला एक घोट आधी स्वतः प्यायची, आईच्या डोळ्यांदेखत, आणि मग मला द्यायची. केशरबाई गेल्या त्या वर्षी रजनीनं तो कप पदराखालून माझ्याकडे आणला. "घे तुझी इस्टेट," म्हणाली. तेव्हापासून माझा सकाळचा चहा त्यातच.

हे सगळं आज आठवलं, कारण रजनीची भार्गवी येऊन गेली. ती इथल्या कॉलेजात शिकवते आणि तिनं एका खोलीत पेशी वाढवण्याची छोटी प्रयोगशाळा उभी केली आहे. तिला माझं रक्त हवंय. तिच्या आईचं, रजनीचंही घेणार आहे. "साठीच्या पुढची, निरोगी माणसं पाहिजेत, मावशी."

खालच्या मजल्यावरून माझा भाऊ नागसेन वर आला होता. तो म्हणाला, "निरोगी? हिला रोज संध्याकाळी कणकण असते. डॉक्टरकडं चल म्हटलं तर क्रोसिन घेते."

कणकण म्हणजे ताप नव्हे. बत्तीस वर्षं अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलेल्या बाईला कणकण नसेल तर तिनं नीट शिकवलं नाही असं समजावं.

१६ जानेवारी

रक्त दिलं. भार्गवीनं समजावून सांगितलं ते मला कळलं तसं लिहून ठेवते.

हर्पीस नावाचं विषाणूंचं एक मोठं घराणं आहे. ओठावर जर, म्हणजे तापाचे फोड, आणणारा त्यातलाच, कांजिण्या आणि नागीण देणारा त्यातलाच. सगळ्यांची खोड एक: एकदा घरात शिरले की जात नाहीत. कोपऱ्यात पथारी टाकतात आणि जन्मभर झोपतात. भार्गवीचा लाडका त्याच घराण्यातला, ईबीव्ही नावाचा, थुंकीतून पसरणारा. तो आपल्या रक्तातल्या बी-पेशींमध्ये राहतो. प्रयोगशाळेत तो ताज्या बी-पेशींवर सोडला की त्या बदलतात. एरवी काचेच्या भांड्यात आठवडाभरात मरणाऱ्या पेशी मरायचं विसरतात आणि वाढत सुटतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, आणि मग कायमच.

"आणि माझ्या अंगात असं का होत नाही?"

"तुझ्या टी-पेशी पोलीस आहेत. कुणी वाढायला लागलं की मारतात. म्हणून फ्लास्कमध्ये आम्ही आधी औषध घालून पोलिसांना झोपवतो."

माझ्या रक्ताचे दोन फ्लास्क झाले, रजनीचे दोन. एकात विषाणू घातलेला, एकात न घातलेला. न घातलेला हा ताळ्यासाठी. त्यात काही उगवू नये अशी अपेक्षा असते. विषाणूचं वाण दक्षिण अमेरिकेतल्या एका चिमुकल्या माकडाच्या पेशींतून येतं. अमेरिकेतलं माकड आणि जालन्याची मास्तरीण यांची सोयरीक जुळली.

मी विहारात सगळं अनित्य आहे हे ऐकत मोठी झाले. इथं एका इन्क्युबेटरात अपवाद वाढवायला ठेवला आहे.

घरी आल्यावर नागसेनला सांगितलं तर त्यानं आधी खिडकी लावली. "हर्पीस म्हणू नको मोठ्यानं. लोकांना एकच हर्पीस माहीत असतो."

२६ जानेवारी

थंडी असूनही रात्री चादर पिळून काढावी इतका घाम. रजईच वाईट. कापूस नवा भरला तो बहुतेक बीटी नसावा.

ब्लाउज सगळे ढगळ झाले. तीस वर्षं उपास करून जे जमलं नाही ते फुकट झालंय, तक्रार कशाला करायची? जिना चढताना मात्र मधल्या वळणावर थांबावं लागतं. तिथं उभं राहून मी जाहिराती वाचते.

३ फेब्रुवारी

भार्गवीनं सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. विषाणू घातलेल्या फ्लास्कमध्ये माझ्या पेशींचे घड झालेत. अगदी द्राक्षांसारखे. कडेच्या पेशी एका बाजूनं लांबुळक्या, जणू घडाला लोंबकळून पाय हलवतायत. खालचं पाणी गुलाबी होतं ते पिवळं पडत चाललंय, मोसंबीच्या रसासारखं. पेशी भरपूर खायला लागल्या की तसं होतं म्हणे.

रजनीचेही घड झाले, पण माझ्याहून लहान. लगेच तीर्थपुरीला, रजनीच्या सासरी, फोन लावला.

"रजे, माझे मोठे आहेत."

"काय मोठे?"

"घड."

"अगं ए, स्वयंपाकघरात सासरे बसलेत, स्पीकर चालू हाय!"

८ फेब्रुवारी

आज तर कमाल झाली. विषाणू न घातलेल्या माझ्या फ्लास्कमध्येही घड! कुणी काही घातलेलं नसताना. रजनीचा कोरा फ्लास्क कोराच आहे, स्मशानशांतता.

मी टाळ्या वाजवल्या. भार्गवीनं नाही. ती फ्लास्क उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "माझ्याच हातून थेंब उडाला असेल." मी म्हटलं, कबूल कर की मावशीच्या पेशींना शिकवणी लावावी लागत नाही. ती हसली, पण नुसत्या ओठांनी.

रजनीला कळवलं. म्हणाली, "शाळेत पण तू अशीच. न विचारता उत्तर द्यायची."

११ फेब्रुवारी

भार्गवीनं पुन्हा रक्त घेतलं. या वेळी विषाणूचं भांडं खोलीतच आणलं नाही, सगळं नव्यानं, हातमोजे दोनदा बदलून. रजनीचंही पुन्हा घेतलंय. एकेका फ्लास्कऐवजी चोवीस छोट्या वाट्यांची एकेक थाळी, आणि दोन्हींत विषाणू नाही.

मग सहज विचारल्यासारखं करत होती. झोप लागते का? घाम येतो का? वजन? मी सांगितलं, घाम रजईमुळे, वजन नशिबानं. गळ्याजवळची गाठ तिला दिसली, तर म्हणाली, "ही कधीपासून?" पावट्याएवढी आहे, दुखत नाही. पर्समध्ये मी पाण्याची बाटली, छत्री आणि डिक्शनरी बाळगते, पट्टा काचतो. ती वहीत लिहीत राहिली. डोळ्यांत बघत नव्हती.

तिचं आणि ऋषीचं काही बिनसलं असावं. जावई स्वभावानं चांगला आहे, पण घोरतो. रजनीच्या कानावर घालायला हवं.

१६ फेब्रुवारी, तीर्थपुरी

रजनीच्या शेतात हुरडा. हंगामातला शेवटचा, कणसं थोडी निबर झालेली, पण शेंगदाण्याच्या चटणीबरोबर काहीही खपतं. रजनीचे यजमान अण्णासाहेब जनावरांचे डॉक्टर होते. निवृत्त झाले तरी गावोगाव गायी भरवायला जातात. त्यांच्या पडवीत थंडगार द्रव नायट्रोजनची कॅन असते, धूर सोडणारी, आत वळूंच्या रेताच्या कांड्या.

भार्गवीच्या कॉलेजची कॅन गळायला लागली म्हणून तिनं माझ्या गोठवलेल्या पेशींच्या दोन कुप्या आत्तापुरत्या इथं आणून ठेवल्या. कुठल्याच नियमात बसत नाही म्हणाली, पण पेशी वाया घालवायच्या नव्हत्या.

अण्णासाहेबांनी झाकण उघडून दाखवलं. "हे बघा ज्योत्स्नाबाई. ह्या डब्यात लाल कंधारी, ह्याच्यात देवणी, अन् ह्या कोपऱ्यात तुम्ही. बराबर लाल चिठ्ठी लावली हाय."

"शेजार चांगला आहे," मी म्हटलं.

"दोघंबी नावाजलेले. न्हाई तर तुम्हाला जर्सीशेजारी ठेवलं असतं."

रजनी आगटीजवळ बसून राहिली होती. एरवी अशा विनोदावर ती पहिली. मी म्हटलं, भार्गवीचं काही बिनसलंय का ऋषीशी? तर म्हणाली, "न्हाई. तिचं काही न्हाई." आणि राख झटकलेला हात तसाच माझ्या गळ्याकडे आणला. गाठीवर दोन बोटं ठेवली. तिच्या बोटांना जळक्या कणसाचा वास होता.

"हे काय करून राह्यलीस तू, ज्योत्स्ने? कवापासून हाय?"

"पर्सचा पट्टा गं."

"पट्टा डाव्या खांद्यावर असतो तुझा. गाठ उजवीकडं हाय."

तिनं माझ्या हातातला ताकाचा ग्लास घेतला, अर्धा प्यायली आणि परत दिला. आम्ही बासष्ट वर्षांच्या आहोत. अजून ती हे करते.

१८ फेब्रुवारी

पर्स उजव्या खांद्यावर घेऊन बघितली. घेववत नाही, सवयच नाही. म्हणजे रजनी बरोबर आहे. दोन दिवसांत तिनं चार फोन केले, दर वेळी वेगळ्या निमित्तानं. एकदा तर लोणच्याला मीठ किती घालावं हे मला विचारलं. मला! माझं लोणचं कुणी दुसऱ्यांदा मागितलेलं नाही.

४ मार्च

आज भार्गवी घरी आली. चहा केला. ती कप हातात धरून बसली आणि चहा निवला.

"मावशी, थेंब उडाला नव्हता."

माझ्या थाळीतल्या चोवीसपैकी बावीस वाट्यांत घड झालेत. रजनीच्या थाळीत एका. एखाददुसऱ्या वाटीत निरोगी माणसाचंही होतं, ती म्हणाली. आपल्या सगळ्यांच्याच रक्तात तो विषाणू मूठभर पेशींमध्ये झोपलेला असतो, आणि आपण पोलिसांना औषध देऊन झोपवलेलं असतं. पण बावीस म्हणजे मूठभर नव्हे. म्हणजे तो रक्तात भरपूर आहे. म्हणजे कदाचित अंगातले पोलीसही डुलक्या घेतायत.

"म्हणजे माझा पहिला नंबर आला तो..."

"मावशी, प्लीज."

"बोल ना. मी इतकी वर्षं मुलांना नापास करत आले, मला ऐकता येतं."

मग तिनं सांगितलं. घाम, कणकण, वजन, गाठ, आणि आता ह्या वाट्या. तिचं काम रोग ओळखायचं नाही, तिला तसा अधिकारही नाही. ती पेशी वाढवते. पण तिनं संभाजीनगरच्या एका डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. आठ फेब्रुवारीलाच तिला शंका आली होती, फक्त आईपाशी बोलली होती, पण खात्री नसताना मला सांगायचं कसं म्हणून थांबली. "मी चुकले असेन तर बरं, असं रोज वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा माझा प्रयोग बिघडलेला असावा असं वाटत होतं." रडायला लागली.

मी तिला जवळ घेतलं आणि ऋषीबद्दल मनातून माफी मागितली. मोठ्यानं नाही. आता ते काढायचं कशाला?

मी टाळ्या वाजवल्या होत्या.

५ मार्च

आज काही लिहावंसं वाटत नाही. भीती वाटते, एवढंच. पलंगाखाली काहीतरी आहे अशी लहानपणी वाटायची तशी.

११ मार्च

गाठीचा तुकडा काढला. नागसेन सोबत होता. फॉर्मवर "रोग्याशी नातं" या रकान्यात त्यानं आधी "मोठा भाऊ" लिहिलं. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहे. मी खोडायला लावलं नाही.

२० मार्च

लिम्फोमा. म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, आणि त्या गाठीतल्या पेशींमध्ये आमचे ईबीव्ही महाशय मुक्कामाला. डॉक्टर तरुण आहेत, मिशीही नीट फुटलेली नाही. म्हणाले, लवकर आलात असं नाही, पण उशीरही नाही. दहांतले सहा-सात बरे होतात. मी विचारलं, बाकीचे तीन-चार? ते म्हणाले, "तुम्ही शिक्षिका होता का?"

केमो दोन एप्रिलपासून.

परत येताना भार्गवीला विचारलं, हा विषाणू मला कुठून आला? गोळ्यातून? ती म्हणाली, शक्यता कमी. आपल्याकडे बहुतेकांना तो चार-पाच वर्षांचे व्हायच्या आतच मिळतो, घरातूनच. आई घास चावून मऊ करून भरवते, त्यातून.

मला हे पटलेलं नाही. आईनं भरवलेला घास मला आठवत नाही, गोळा आठवतो. मी म्हटलं, रजनीच्या वाटीतला आणि माझ्या वाटीतला ताडून बघ. ती म्हणाली, "मावशी, याला काही शास्त्रीय अर्थ नाही." मी म्हटलं, आजारी बाईचा हट्ट म्हणून बघ.

२७ मार्च

रजनी सामान घेऊन राहायला आली. केमो संपेपर्यंत जाणार नाही म्हणते. मी म्हटलं, अण्णासाहेबांचं जेवण? "त्यांच्या गायी त्यांना बघतील."

संध्याकाळी भार्गवीही आली. दोन्ही विषाणूंच्या जनुकांचा एकेक तुकडा तिनं वाचून, ताडून आणला होता. मिळतेजुळते आहेत. "पण आपल्या भागात हेच वाण सगळीकडे असतं. यावरून काहीच सिद्ध होत नाही हं, दोघींनी ऐका."

आम्ही ऐकलं नाही. रजनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे माझंच हाय तिच्यात."

"किंवा तुझ्यात माझं," मी म्हटलं. "केशरबाईंनी तुला अंघोळ घातली ती वाया गेली. चामडीच्या आत पाणी जात नाही."

रजनी हसता हसता खाली बसली आणि मग हसत नव्हती. "मंग तुला मीच आजारी पाडलं म्हण की."

हे मी मनात कधी धरलंच नव्हतं. रजनीनं धरलं होतं. त्या लोणच्याच्या फोनपासून, आत्ता लक्षात आलं. भार्गवीनं मध्ये पडून सांगितलं की तोच विषाणू आईतही आहे, शंभरातल्या पंचाण्णव लोकांत आहे, आणि त्यातल्या फारच थोड्यांना असं होतं. विषाणू हे कारण पुरत नाही, बाकी काय बिघडलं ते अजून कुणाला नीट माहीत नाही.

रजनी ऐकत होती, पण माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "रजे, तुझ्या घरातून मला दोनच गोष्टी मिळाल्या. एक वेगळा कप आणि एक हा. कप तुझ्या आईनं दिला. दुसरं तू दिलंस. तुझंच मला जास्त आवडलं."

"मेले, असं बोलू नको."

"मेले तर म्हण तसं. आत्ता चहा टाक."

१ एप्रिल

उद्या दवाखाना. मुहूर्ताला आजची तारीख मिळाली असती तर जास्त शोभलं असतं. कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते. गरज पडणार नाही असं डॉक्टर म्हणतात, म्हणजे दहांतल्या सहा-सात वेळा पडणार नाही.

माझ्या पेशींच्या सगळ्या कुप्या भार्गवीला. तिनं त्या हव्या तशा वाढवाव्यात, मोडाव्यात, मुलांना शिकवायला वापराव्यात. बत्तीस वर्षं वर्गात उभी राहिले, आणखी थोडी राहीन. चिठ्ठीवर नाव घालू नये, आकडाच बरा. एक कुपी मात्र कधीच वितळवू नये. ती कशाला, विचारू नये.

तीर्थपुरीच्या कॅनमधल्या दोन कुप्या अण्णासाहेबांनी चष्मा लावून, चिठ्ठी वाचून बाहेर काढाव्यात आणि भार्गवीकडे द्याव्यात. एखाद्या गायीला इंग्रजी बोलणारं वासरू झालं तर मी जबाबदार नाही.

सिस्टर बेनेडिक्टानं हस्ताक्षराचं बक्षीस म्हणून दिलेलं पेन शाळेला परत. सोबत निरोप: सिस्टरचं बरोबर होतं, जंतू होतात. पट्टीनं जात नाहीत.

डिक्शनरी आणि पर्स नागसेनला. पर्स त्यानं डाव्या खांद्यावर घ्यावी. रजई माझ्या मागे कुणाला देऊ नये, ती बिचारी निर्दोष होती, नागसेननंच पांघरावी. आणि कुणी विचारलं तर हर्पीस मोठ्यानं म्हणावं, खिडकी उघडी ठेवून.

कान तुटलेला कप रजनीला. मी परत आले तर मला परत. उद्या सकाळी निघताना मी त्यात चहा घेईन आणि तळाशी एक घोट ठेवीन.

कप धुवायचा नाही.